घरी ब्रा शिवणं: कटोरी ब्लाऊज येतो ना, मग निम्मं काम आलंच

दुहेरी_टीप (सांगली)

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. या विषयावर आपण बायका आपापसातसुद्धा कुजबुजत बोलतो. पण गेल्या दोन वर्षांत मी स्वतःसाठी नऊ ब्रा शिवल्या आणि त्यातल्या सहा रोज वापरते, म्हणून जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवते. कुणाला तरी उपयोग होईल.

मी घरी ब्लाऊज शिवते, अकरा वर्षं झाली. माप द्यायला बाई पाठमोरी उभी राहिली की टेप लावायच्या आधी माझं लक्ष तिच्या ब्राकडे जातं. बहुतेकींची मागची पट्टी खांद्याच्या फऱ्यांपर्यंत वर चढलेली असते. खांद्यांवर खाचा पडलेल्या. कप एकतर वरून रिकामा, नाहीतर ओसंडून वाहणारा. त्याच्यावर मी कितीही जीव लावून ब्लाऊज बेतला तरी मुंढ्यात चूण येते, मग ती बिचारी म्हणते, "ताई, हा ब्लाऊज जमला नाही हो." ब्लाऊज जमलेला असतो. खालची ब्रा जमलेली नसते.

माझंही तेच होतं. वीस वर्षं मी ३६ बी घालत होते, कारण पहिल्यांदा आईबरोबर गेले तेव्हा दुकानदारानं काउंटरपलीकडून एक नजर टाकून ३६ काढून दिली. पुढे कधी मापच घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी पाठ फार दुखायला लागली तेव्हा एकदा स्वतःच्याच अंगाला टेप लावला. छातीखालचा घेर ३१ इंच, छाती ३८ इंच. मग ३६ आलं कुठून? तर जुन्या हिशेबात खालच्या मापात ४ किंवा ५ मिळवून सम आकडा काढतात. ३१ आणि ५, झाले ३६. छातीच्या ३८ मधून ३६ गेले, उरले २, म्हणून बी. आता हेच खालचं माप काही न मिळवता, फक्त जवळच्या सम आकड्यावर नेऊन धरा: घेर ३२ आणि छातीच्या ३८ शी फरक ६ इंच. ब्रिटिश मापात एका इंचाला ए, मग बी, सी, डी, डीडी आणि सहाव्या इंचाला ई. म्हणजे मी ३२ ई आहे आणि घालत होते ३६ बी. घेर चार इंच सैल आणि कप कितीतरी लहान. माझ्या गावात ३२ ई मागितली तर दुकानातली मुलगी "असं माप नसतं" म्हणाली. मी तिला दोष देत नाही, तिच्या कपाटात ते नव्हतंच. पण माझं शरीर तर आहे ना!

तिथून शिवायला सुरुवात झाली.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: छातीचं वजन पेलायचं काम खालच्या घेराचं आहे. खांद्याच्या पट्ट्या फक्त कप जागेवर धरतात. घेर सैल असला की वजन खांद्यावर येतं, पट्ट्या आवळाव्या लागतात, पट्ट्या आवळल्या की मागचा घेर वर ओढला जातो. पुढचा भार खाली, मागची पट्टी वर. घालून बघायची परीक्षा सोपी आहे: ब्रा घाला आणि दोन्ही पट्ट्या खांद्यावरून खाली सोडा. घेर जागचा हलला नाही तर तो बरोबर. मागे दोन बोटं जातील इतकीच जागा हवी, आणि मधला पूल, म्हणजे दोन कपांमधला तुकडा, छातीच्या हाडाला टेकलेला हवा.

आता ज्यांना कटोरी ब्लाऊज येतो त्यांच्यासाठी. कटोरी म्हणजे काय? सपाट कापडातून वाटी उठवायची. ब्राचा कप म्हणजे तीच वाटी, फक्त जास्त नेमकी. माझ्या आईनं लग्नाआधी शिवण क्लास केला होता, तिच्या वहीत खाकी कागदाचा एक नमुना चिकटवलेला आहे आणि वर लिहिलंय 'बॉडी'. तेव्हा ब्राला बॉडीच म्हणायचे. दोन तुकड्यांचा कप, खाली रुंद पट्टा, मागे हुकाजवळ चार बोटं इलॅस्टिक. मी त्यावरूनच सुरुवात केली.

नमुना काढायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग: जिचा कप बऱ्यापैकी बसतो अशी जुनी ब्रा पूर्ण उसवा, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. तुकडे हलक्या इस्त्रीनं सपाट करा आणि खाकी कागदावर छापा. मग आपली मापं घेऊन कागद दुरुस्त करा. मला चार मापं पुरतात: छातीखालचा घेर (श्वास सोडून, टेप घट्ट), भरलेली छाती, छातीखालच्या घडीपासून टक पॉइंटपर्यंतची (छातीचा सगळ्यात पुढे आलेला बिंदू) उंची, आणि हाडाच्या कडेपासून टक पॉइंटवरून काखेपर्यंतची आडवी लांबी. दोन्ही बाजू मोजा. डावी-उजवी सारखी नसते, कुणाचीच. कप मोठ्या बाजूच्या मापानं शिवायचा आणि लहान बाजूला आतून पातळ अस्तराची चकती घालायची.

ब्लाऊजवाल्यांनी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे माया, शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. आपण ब्लाऊजला आत इंचभर माया ठेवतो, पुढे उसवायला. कपाला एवढी माया ठेवली तर वळणावर गोळा होऊन बोचते. माझा पहिला कप त्यामुळेच फुकट गेला. पाव इंच, बस. आणि पाव इंच म्हणजे पाव इंचच. ब्लाऊजमध्ये एखादं सूत (इंचाचा आठवा भाग) इकडे-तिकडे खपून जातं, पण इथे दोन्ही कपांच्या सगळ्या शिवणींत तेवढं गेलं की एक माप बदलतं.

कप जोडणं जरा सावकाश सांगते, सगळं इथेच आहे. वरच्या तुकड्याची कड जवळजवळ सरळ, खालच्याची पोट काढलेली. दोन्ही टेबलावर ठेवले तर जुळत नाहीत असंच वाटतं. जुळतात, पण शिवणीच्या रेषेवर मोजल्यावर, कापलेल्या कडेवर मोजल्यावर नव्हे. आधी टक पॉइंटवर टाचणी, मग दोन टोकांना, मग मधल्या जागांत. पोट असलेला तुकडा खाली ठेवा म्हणजे मशीनचे दात त्याला थोडं आत घेतात. टक पॉइंटपासून अर्धा इंच अलीकडे पाय मशीनवरून काढून घ्या आणि चाक हातानं फिरवा, एकेक टाका. सुई कापडात असताना फूट उचला, कापड केसभर वळवा, फूट खाली, पुढचा टाका. असे आठ-दहा टाके. मग टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, तिच्यावर कप पालथा घाला, शिवण उघडून इस्त्री करा आणि कापडाच्या सुलट बाजूनं शिवणीच्या दोन्ही अंगांना काठावर टीप मारा. माझ्या दुसऱ्या ब्राला टोक आलं होतं, कारण मी टक पॉइंटपाशी सरळ शिवत गेले. त्या दहा टाक्यांत वळण गोल ठेवलं की वाटी गोल येते.

मागचे पंख, म्हणजे कुशीपासून हुकापर्यंतचे दोन तुकडे, आणि त्यांचा हिशेब. पुढचा सगळा भाग, कप आणि खालचा पट्टा, न ताणणाऱ्या कापडाचा. मागचे दोन पंख ताणणाऱ्या कापडाचे, आणि ताण अंगाभोवती आडवा जायला हवा. माझा घेर ३१. पुढचा पट्टा एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत १६. हुकाची पट्टी दीड. उरले साडेतेरा, म्हणजे प्रत्येक पंख पावणेसात. पण तो पावणेसातला कापला तर सैल होणार. मी पावणेसहाला कापते. तो ताणून बसतो आणि तिथेच आधार मिळतो.

इलॅस्टिकला एक बाजू मखमली असते आणि एका कडेला बारीक कंगोरे. कापडाच्या सुलट बाजूला, मखमल वर, कंगोरे कापडाच्या आतल्या अंगाला अशी ठेवून एक झिगझॅग. मग उलटवून आत घ्या, मखमल अंगाला लागेल, आणि वरून दुसरी झिगझॅग. कपांखाली इलॅस्टिक अजिबात ओढायची नाही, नुसती ठेवायची. पंखांवर थोडी ओढायची. मी पहिल्यांदा सगळीकडे सारखी ओढली तर कपाखाली झालरीसारख्या चुण्या आल्या.

कपाखाली घालतात त्या तारेच्या भानगडीत मी पडले नाही. विचारा काही असेल तर.

अळूवडी (पुणे)

ताई, किती मनापासून लिहिलंय! तो ३६ बी चा हिशेब वाचून लगेच टेप काढला. माझं ३३ आणि ४०. मी ३८ बी घालते. म्हणजे मीही त्याच हिशेबातली. कापड कुठलं घ्यायचं आणि पुण्यात सामान कुठे मिळेल? शिवण येते, पण कटोरी दोनदाच केलीय.

दुहेरी_टीप

अळूवडी, पहिल्या दोन-तीनदा साधी टू बाय टू रुबिया घे, दुहेरी. आपल्या हाताला सवयीची आणि स्वस्त, चुकली तर जीव जळत नाही. मात्र आधी पाण्यातून काढून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात कप आटतो. वरच्या तुकड्याची गळ्याकडची कड उभ्या धाग्यावर येऊ दे, म्हणजे ती लांबत नाही. उरेब, म्हणजे तिरकी, पडली तर आठवड्यात तिथे तोंड उघडतं. पंखांना कॉटन लायक्रा होजिअरी दुहेरी, किंवा मिळालं तर पॉवरनेट (ताणून घट्ट परत येणारं जाळीचं कापड). नुसती बनियनची होजिअरी नको, ती ताणते पण परत येत नाही.

रानजाई (पुणे)

सामानासाठी रविवार पेठेत जा. शिलाईच्या सामानाच्या दुकानांत हुक-आयची तयार पट्टी, रिंग, अ‍ॅडजस्टर, मऊ इलॅस्टिक सगळं मिळतं. दुकानात दोन बोटांनी इलॅस्टिक दुप्पट ताणून सोडून बघा, मूळ लांबीवर आली तरच घ्या. मुंबईत भुलेश्वर. कापडाला मंगलदास मार्केट.

काजूगर (रत्नागिरी)

माझ्याकडे सासूबाईंची काळी पायमशीन आहे. सरळ टीप सोडून काही येत नाही. झिगझॅग कुठून आणू? म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच का?

दुहेरी_टीप

काजूगर, तुमच्यासाठीच आहे! माझ्या आईच्या वहीतली बॉडी असल्याच मशीनवर शिवलेली. दोन मार्ग आहेत. एक, काळ्या मशीनला लावायचं झिगझॅगचं जोड मिळतं, फुटाच्या जागी बसतं. ते सुई हलवत नाही, कापड डावी-उजवी हलवतं. थोडा खडखडाट होतो, पण चालतं. दुसरा, आईचा मार्ग: सगळी ब्रा न ताणणाऱ्या सुती कापडाची, आणि ताण फक्त मागे हुकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच रुंद इलॅस्टिकच्या तुकड्यांत. ते तुकडे टोकांनाच उभे जोडले जातात, त्यामुळे लांबीवर शिवायची वेळच येत नाही. खालची कड उरेब पट्टीनं बांधून घ्या.

आणि इलॅस्टिकवर सरळ टीप मारायचीच झाली तर समोरून आणि मागून दोन्ही हातांनी ताणून धरून मारा, दोरा पॉलिएस्टरचा, टाका जरा लहान. सुती दोरा पहिल्याच दिवशी हुक लावताना तटकन तुटतो. होजिअरीला ११ नंबरची बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची, सुई लावा, साध्या सुईनं टाके सुटतात.

मेपलची_पानं (टोरोंटो)

मी इथे आल्यावर शिकले, कारण इकडे हा चांगला रुळलेला छंद आहे. आमच्यापासून तासाभरावर हॅमिल्टनला या सामानाचा मोठा पुरवठादार आहे, कापडापासून तारेपर्यंत सगळं एका पाकिटात मिळतं.

तारेबद्दल थोडं लिहिते, कारण दुहेरी_टीप यांनी ते सोडलंय. तारेचं माप कपाच्या अक्षरावर ठरवू नका. छातीखालची जी नैसर्गिक घडी आहे तिच्यात वाकणारी पट्टी दाबून धरा, तसाच आकार कागदावर उतरवा. तार त्या रेषेवर बसली पाहिजे. छातीच्या मांसावर बसली तर टोचणार, बाहेर काखेत गेली तर घासणार. तारेच्या नळीत दोन्ही टोकांना पाव इंच रिकामी जागा सोडून बंद करायचं, म्हणजे तार भोक पाडून बाहेर येत नाही. तयार ब्राची तार बाहेर येते ती पुष्कळदा ही जागा न ठेवल्यानं.

आणि एक, कापड ताणणारं असेल तर कपाला आतून न ताणणाऱ्या पातळ जाळीचं अस्तर लावाच. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळं खाली.

उंबरठा

स्पष्ट बोलते, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? चार पैसे जास्त टाकले की चांगल्या कंपनीची मिळते. आपला वेळ काही फुकट नाही.

दुहेरी_टीप

राग कसला. ज्यांचं माप दुकानात मिळतं त्यांनी खुशाल विकत घ्यावी, मीही घेतली असती. माझी खंत त्यांच्याबद्दल आहे ज्यांना मिळत नाही आणि ज्या वर्षानुवर्षं आपलंच अंग बेढब आहे असं समजून गप्प बसतात. माझ्याकडे पंचावन्न वर्षांच्या एक बाई येतात. खांद्यावरच्या खाचा इतक्या जुन्या की कातडी काळी पडलीय. मी त्यांना घेर नीट करून शिवून दिली तर आठ दिवसांनी सकाळी सात वाजता दारात उभ्या, "अजून दोन शिव" म्हणायला. त्यांना मॉलपर्यंत कोण नेणार होतं?

वेळेचं म्हणाल तर पहिलीला मला तीन दुपारी लागल्या. आता कागद तयार आहे, कापण्यापासून हुकापर्यंत साडेतीन-चार तास.

उंबरठा

हे पटलं. माझ्या आईच्या खांद्यावर तशाच खाचा होत्या. तिच्यासाठी कुणी असं काही केलं असतं तर फार बरं झालं असतं.

बकुळफूल (बेळगाव)

माझी आजी शेवटपर्यंत खणाची गाठीची चोळी घालायची. पुढे छातीखाली गाठ मारायची, रोज आपल्याला हवी तितकी घट्ट. हा धागा वाचताना लक्षात आलं, घेर रोजच्या रोज अंगाप्रमाणे जुळवायची ती सोयच होती. पोट भरलेलं असो, अंग सुजलेलं असो, गाठ त्याप्रमाणे.

तिकडे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीनं दोन रेशमी हातरुमाल आणि रिबीन जोडून ब्रा केली आणि ३ नोव्हेंबर १९१४ ला पेटंट मिळवलं. तीही घरीच शिवलेली. पुढे ते पेटंट एका कॉर्सेट कंपनीनं १५०० डॉलरला घेतलं.

निळवंती (ठाणे)

मी त्वचेच्या बाजूनं लिहिते, दवाखान्यात रोज बघते म्हणून. आपल्याकडच्या दमट हवेत छातीखालच्या घडीत घाम साचतो, पुरळ आणि बुरशी येते. सैल घेर घामानं ओला होऊन दिवसभर घासत राहतो. नीट बसणारी सुती ब्रा छाती उचलून धरते, घडी उघडी राहते, निम्मा त्रास तिथेच कमी होतो. घरी शिवणार असाल तर कपाखालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला मऊ मलमल लावा, शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा.

आणि कृपा करून ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालू नका. न्हाणीघरात, ओढणीखाली, कपाटाच्या मागे... धड न वाळलेली ब्रा पुन्हा अंगावर चढते. उन्हात, उघडी वाळवा. ज्याला बघायचंय तो बघेल.

जाईजुई

निळवंतीताई, तारेच्या ब्रामुळे कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं येतं. काळ्या रंगाच्या ब्रामुळेसुद्धा. खरं आहे का?

निळवंती (ठाणे)

नाही. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रानं पाळी गेलेल्या बायकांचा यावर अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे किती तास घातली, तार होती की नाही, कितव्या वर्षापासून घातली, कशाचाही स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. रंगाचं तर सोडूनच द्या. त्या निरोपांपेक्षा स्वतःची छाती महिन्यातून एकदा हातानं नीट तपासा, आणि गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा.

सह्याद्री_कडा

इथे लिहावं की नाही असा बराच विचार केला, मी मुलगा आहे. माझ्या आईची गेल्या वर्षी एका बाजूची शस्त्रक्रिया झाली, स्तन पूर्ण काढला. ती ब्रात हातरुमाल कोंबते, तो वर सरकतो, मग दिवसभर पदर ओढत बसते. बाहेर जायचं टाळते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो तो आणलाय, पण साध्या ब्रात तो सुटा पडतो. मला शिवता येत नाही, पण मावशी शिवते. तिला काय सांगू?

दुहेरी_टीप

लिहिलंस ते फार चांगलं केलंस रे. मावशीला हे वाचून दाखव.

कपाच्या आत मऊ पातळ सुती होजिअरीचा खिसा शिवायचा. अख्ख्या कपाच्या आकाराचा तुकडा कापायचा, सगळ्या कडा कपाच्या शिवणीतच धरायच्या, फक्त काखेकडची बाजू उघडी ठेवायची, तिथून सिलिकॉन आत सरकवायचं. उघड्या कडेला बारीक दुमड. खिसा कपापेक्षा तसूभरही मोठा नको, नाहीतर आत फिरतं. खिसा दोन्ही कपांना कर, म्हणजे दोन्हीकडे अंगाला स्पर्श सारखा लागतो.

हुक पुढे घे. हात मागे जायला त्रास होतो, पुढून लावता आली की कुणाची मदत लागत नाही. मधला पूल जरा उंच आणि काखेकडची बाजू वर, म्हणजे वाकल्यावर काही दिसत नाही. खालचा घेर दोन-अडीच इंच रुंद, खांद्याची पट्टी इंचभर रुंद आणि आत मऊ. व्रणाला आडवी जाणारी शिवण असेल तर ती सरकव, त्यासाठी आधी आईला विचार की कुठे हुळहुळतं. आणि घट्टपणा किती चालेल ते डॉक्टरांना विचारूनच, हात सुजत असेल तर अजिबात आवळायचं नाही.

शांताबन (नाशिक)

मी स्वतः यातून गेलेय, सहा वर्षं झाली. दुहेरी_टीप यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर. एक भर घालते. घरात असताना सिलिकॉन नको वाटतं, गरम होतं. तेव्हा त्याच खिशात मऊ कापसाची हलकी उशी ठेवायची. पण बाहेर जाताना वजनाचंच घालावं. एका बाजूला वजन नसेल तर खांदा नकळत उचलला जातो, मान धरते. सह्याद्री, आईला सांग की खिशाची ब्रा घातल्यावर मी पहिल्यांदा भाजी आणायला गेले तेव्हा अर्धा तास एकदाही पदराला हात लावला नव्हता. घरी आल्यावर लक्षात आलं.

सह्याद्री_कडा

खूप आभार. मावशीला दोन्ही उत्तरं पाठवली. तिनं सकाळीच आईला बोलावून माप घेतलं. दोघी दार लावून बसल्या होत्या, आतून हसण्याचे आवाज येत होते. बऱ्याच दिवसांनी.

अळूवडी (पुणे)

मी पहिली शिवली! रविवार पेठेतून सामान आणलं, रुबिया पाण्यातून काढली, आणि चाक हातानं फिरवून ते दहा टाके घातले. वाटी गोल आली, खरंच. घेर पट्ट्या सोडल्या तरी जागचा हलत नाही. पण दोन तक्रारी. कप वरून, पट्टी लागते त्याच्या खाली, थोडा फाकतो. आणि मधला पूल हाडाला टेकत नाही, अर्धा इंच वर तरंगतो.

दुहेरी_टीप

शाब्बास! पूल तरंगतो म्हणजे कप खालून उथळ आहे, छाती कपाला पुढे ढकलतेय. आधी ते दुरुस्त कर, वरचं फाकणं मग बघ. कागदावर खालच्या तुकड्याचं पोट टक पॉइंटपाशी पाव इंच वाढव आणि दोन्ही टोकांना शून्यावर आण. वरच्या तुकड्याची ती कडही तेवढीच लांब कर, नाहीतर जुळणार नाही. त्यानंतरही वर फाकलं तर अंगावर घालूनच, फाकलेली घडी चिमटीत धरून टाचणी लाव. गळ्याच्या कडेवर जितकं चिमटीत आलं तितकं कागदावर कडेपासून टक पॉइंटपर्यंत निमुळतं कापून काढ आणि कागद चिकटवून टाक. कापडावर टक घालू नकोस, कागदच बदल.

काजूगर (रत्नागिरी)

माझी आईच्या पद्धतीची झाली, काळ्या मशीनवर, सगळी सुती, मागे तीन-तीन इंच इलॅस्टिक. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हीपण शिवायचो गो, मग बाजारात मिळायला लागली नि विसरलो." उरेब पट्टी त्यांनीच हातानं घातली, माझ्यापेक्षा बारीक टाक्यांत. एक विचारायचंय, नवीन ब्रा कुठल्या हुकात लावायची? मी सगळ्यात आतल्या लावली तर श्वास अडकतो.

दुहेरी_टीप

नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हुकात. महिन्या-दोन महिन्यांत इलॅस्टिक सैलावते, मग एकेक आत जायचं. बाहेरच्या हुकात आत्ता बरोबर बसते ना? मग माप अगदी नीट आलंय तुमचं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि ती हातानं घातलेली उरेब पट्टी जवळून कशी दिसते त्याचा फोटो जमला तर टाका.

अळूवडी (पुणे)

पाव इंच वाढवला. पूल टेकला! फाकणंही जवळजवळ गेलं, चिमटीत सूतभर येतंय फक्त. आज दिवसभर घालून ऑफिसला गेले, लोकलला धावले, संध्याकाळी घरी आल्यावर ती काढायची घाई झाली नाही. दुसरीसाठी निळं कापड पाण्यात टाकलंय.